आतड्याला काय म्हणतात

रेमनेइ लग्न होऊन इंफाळवरच्या डोंगरातल्या तेरालुंग गावी आली त्याच आठवड्यात तिने सासूला रश्श्यात घातलं. म्हणजे तिला म्हणायचं होतं, रश्श्यात मीठ कमी आहे. पण तिचं माहेर आयमोल जमातीचं आणि सासर कोइरेंग. दोन्ही बोली सख्ख्या बहिणी, निम्मे शब्द तेच, फक्त सूर कुठे चढा तर कुठे उतरता. हिने माहेरच्या सुरात मीठ मागितलं आणि पानावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू आलं, "रश्श्यात सासू कमी पडलीय, अजून थोडी घाला." सासरा हसून हसून चुलीपाशी आडवा झाला. सासू मात्र हसली नाही. "घाल बाई घाल," ती म्हणाली, "पण सासू म्हातारी आहे, शिजायला वेळ लागेल."

ही गोष्ट तेरालुंगात तीस वर्षं चालली. लग्न असो, नाताळ असो, डुक्कर कापलं आणि पंगत बसली की कोणीतरी म्हणणारच, "काय गं एस्तेरच्या आई, आज सासू बरोबर पडलीय ना?" सासू होती तोवर सुनेचा एकेक शब्द पकडून सुधारायची. "असं नाही, असं. वर नको नेऊस, खाली सोड." ती गेल्यावर ते काम नवऱ्याने घेतलं. दोइथांग स्वभावाने गमत्या माणूस. बांबूच्या पाट्या विणता विणता बायकोच्या बोलण्याकडे कान ठेवून बसायचा. "तीस वर्षं आमचा भात खाल्लास, पण जीभ काही नांदायला आली नाही तुझी."

"नाही आली तर नाही आली. तुम्हाला कळतं ना? मग झालं."

पण खरं सांगायचं तर तिला ते लागायचं. आपण बोलतो ते नक्की कुठलं, याची एक बारीक शंका तिच्या मनात कायमची घर करून बसली. शब्द तोंडातून निघाला की ती क्षणभर समोरच्याकडे बघायची, बरोबर गेला की नाही म्हणून.

आणि आम्ही आहोत तरी किती! सगळ्या गावांतले कोइरेंग एका माळावर उभे केले तर बघणाऱ्याला वाटेल, बरी जत्रा भरलीय. बस, इतकेच. आयमोल, कोम, खराम, चिरू ही आमची भावकी, तीही अशीच मूठ-मूठभर. पोरं शाळेत जातात ती खोऱ्यातली मैतेयी बोलत घरी येतात, प्रार्थनेला बसतात ती दुसऱ्याच बोलीतली गाणी म्हणत उठतात, आणि जरा मोठी झाली की गुवाहाटी नाहीतर बेंगळूरू. रेमनेइची लेक एस्तेरही तिकडेच, बेंगळूरूला एका हॉटेलात. आपली बोली म्हाताऱ्यांनी सांभाळावी, नातवंडांनी फोटो काढावेत, असं चाललंय. कोणाला बोलून उपयोग नाही.

मग ते वर्ष उजाडलं. खोऱ्यातले मैतेयी आणि डोंगरातल्या मोठ्या जमाती यांच्यात जे पेटलं ते पेटलं. कोणाचं चुकलं, कोणी आधी काडी लावली, ते मला विचारू नका. मी दोन्हीकडची जळलेली घरं पाहिली आहेत. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, त्यातलं ओलं म्हणजे आम्ही. दोन्हीकडचे म्हणायचे, "तुम्ही आमचेच." आणि दोन्हीकडचे रात्री बॅटरी मारून बघायचे, नक्की कोणाचे. रस्त्यावर जागोजाग बांबू आडवे पडले. इंफाळचा तासाभराचा रस्ता, पण तो दुसऱ्या देशात गेल्यासारखा झाला.

अशा दिवसांत दोइथांगचं पोट दुखायला लागलं.

पहिल्या दिवशी त्याने आल्याचा रस घेतला. दुसऱ्या दिवशी पोट फुगून टणक झालं, उलटी थांबेना. तिसऱ्या दिवशी सकाळी गावाखालच्या आरोग्यकेंद्रातली सिस्टर चढ चढून आली, पोटाला हात लावला आणि तिचा चेहराच उतरला. "आतड्याला पीळ पडलाय," ती म्हणाली. "आज दुपारच्या आत पोट उघडायला हवं. इंफाळला न्या. आणि नीट ऐका, पाण्याचा थेंब द्यायचा नाही. कितीही मागू दे. पाणी दिलं तर वाटेतच जाईल."

"एक घोटही नाही?"

"एक थेंब नाही."

रेमनेइने ते डोक्यात पक्कं बसवलं. गावच्या मुखियाने कागद लिहून दिला, शिक्का मारून, की हे दोघं तेरालुंगचे कोइरेंग, कोणाच्या अध्यात ना मध्यात. गाडी मिळाली मुजीबची. मुजीब खोऱ्यातला मुसलमान, चाळिशीचा, त्याला दोन्हीकडचे जाऊ द्यायचे. त्या दिवसांत डोंगरातला आजारी माणूस खाली गेला असेल तर अशाच कोणाच्या तरी गाडीतून.

"इमा," मुजीब रेमनेइला म्हणाला, मैतेयीत आईला इमा म्हणतात तसं, "वाटेत जे विचारतील तेवढंच बोलायचं. आणि खाली उतरल्यावर तुमची बोली अजिबात काढू नका. त्यांना तुमच्यातला आणि त्या मोठ्या जमातींतला फरक कानाने कळत नाही."

"मला तरी कुठे कळतो," दोइथांग मागच्या सीटवर आडवा होता तिथून पुटपुटला. "हिलाच विचार. हिने माझी आई रश्श्यात घातली होती."

"गप्प पडा," रेमनेइ म्हणाली आणि तिला रडू आलं.

पहिल्या बांबूपाशी डोंगरातली पोरं उभी होती, खांद्यावर बंदुका. एकाने आत डोकावून बघितलं. "कोइरेंग? मग आमच्या सभेला तुमच्या गावातून कोणी का येत नाही?"

"बरे झाले की हेच येतील," रेमनेइ म्हणाली. "आधी बरे तर होऊ देत."

पोरगा जरा ओशाळला. त्याने बांबू उचलला. रेमनेइला वाटलं, सुटलो. घाट उतरून गाडी सपाटीला लागली तेव्हा दहा वाजले होते. वेळ होता. तिने मनात देवाचे आभारही मानले.

दुसऱ्या बांबूपाशी बायका बसल्या होत्या. चाळीस-पन्नास बायका, रस्त्यावर चटया टाकून. आपापली घरं राखायला बसलेल्या आया होत्या त्या, मी त्यांना राक्षसिणी म्हणणार नाही. त्यांच्यातल्या दोघींची घरं गेलेली, एकीचा मुलगा महिनाभर सापडत नव्हता. त्यांची पुढारी इबेतोंबी, साठीची, कपाळावर उभं गंध, आवाज खणखणीत. तिने मुखियाचा कागद उलटसुलट करून पाहिला.

"कागद काय, कोणीही लिहितं. कोण तुम्ही?"

"कोइरेंग, इमा. नवरा आजारी आहे. दवाखान्यात चाललोय."

"कोइरेंग म्हणजे त्यांच्यातलेच ना?"

"नाही, इमा. आम्ही वेगळे. आम्ही कोणातलेच नाही."

"कोणातलंच नाही असं कोणी असतं होय?" मागून एक बाई म्हणाली.

तेवढ्यात दोइथांगने डोळे उघडले. त्याच्या ओठांवर पांढरी साय धरली होती. मुजीबने काय बजावलं होतं ते त्याच्या ध्यानात राहण्यासारखं नव्हतंच. तो म्हणाला, "तुइ."

तुइ म्हणजे पाणी. आमच्यात तुइ, आयमोलमध्ये तुइ, आणि त्या मोठ्या जमातींतही तुइच. डोंगरातल्या बहुतेक बोलींत पाण्याला हेच म्हणतात. मैतेयीत म्हणतात इशिंग.

"ऐकलंत?" ती मागची बाई ओरडली. "तुइ म्हणाला! आमच्या गल्लीत राहत होते ना ते, तेही तुइच म्हणायचे. हा त्यांच्यातलाच आहे!"

चटयांवरच्या बायका उठल्या. मुजीब दोन्ही हात जोडून मध्ये उभा राहिला, सांगू लागला. कोणी ऐकत होतं, कोणी नव्हतं. या गोंधळात इबेतोंबी मात्र आपल्या जागी गेली आणि पितळी तांब्यात पाणी घेऊन आली. तिने खिडकीतून हात घातला. वैऱ्याला असो, कोणाला असो, मागितलेलं पाणी नाही म्हणू नये एवढं तिला कळत होतं. दोइथांगने मान उचलली. तांब्या ओठांपाशी आला.

रेमनेइने तो हाताने उडवला.

"नको! देऊ नका!" ती किंचाळली. पाणी इबेतोंबीच्या पदरावर आणि दोइथांगच्या छातीवर सांडलं. तांब्या रस्त्यावर आपटला.

"आमच्या हातचं पाणी चालत नाही होय गं तुला?" इबेतोंबीने विचारलं. आवाज चढा नव्हता. "आम्ही विष घालतो का पाण्यात?"

"तसं नाही, इमा, सिस्टर म्हणाली..." आणि तिचं मैतेयी आटलं. बाजारात भाजी विकण्यापुरतं, दोन गिऱ्हाइकांची विचारपूस करण्यापुरतं तिचं मैतेयी. पीळ, आतडं, शस्त्रक्रिया हे तिला कधी त्या भाषेत बोलावंच लागलं नव्हतं. ती पोटावर हात फिरवून, मूठ पिळून दाखवत राहिली. मुजीबने पुढचं सांगितलं. काही बायकांना पटलं. काही म्हणाल्या, सगळं पाठ करून आलेत.

दोइथांग छातीवर सांडलेलं पाणी बोटाने टिपून ओठांकडे नेत होता. रेमनेइने त्याचा हात धरून खाली दाबला. नवऱ्याचा हात असा दाबून धरताना तिचं काळीज फाटलं, पण तिने धरला.

"माझ्या ओळखीचा एक कोइरेंग आहे," इबेतोंबी शेवटी म्हणाली. "जोएल. माझ्या मुलाबरोबर कॉलेजात होता, आता गुवाहाटीला असतो. चांगला मुलगा आहे. त्याला फोन लावते. तुझ्या बोलीत त्याच्याशी बोल. तो हो म्हणाला की सोडते. यापेक्षा जास्त मी काय करू?"

खरंच, यापेक्षा जास्त ती काय करणार होती? रेमनेइला तर वाटलं, देवच पावला. आपला माणूस! आता दोन वाक्यं बोलायची आणि निघायचं. पण फोन लागायलाच तासाभर गेला. त्या दिवसांत मोबाइलचं काही खरं नव्हतं. साडेअकरा वाजले, बारा वाजायला आले. दोइथांगची नखं निळी दिसायला लागली. एकदाचा फोन लागला. इबेतोंबीने मैतेयीत सगळं समजावलं आणि फोन मोठ्या आवाजावर करून रेमनेइच्या तोंडासमोर धरला.

"काकू," पलीकडून एक तरुण आवाज आला, कोइरेंगमध्ये, जरा अडखळत. "गाव कुठलं?"

आपली बोली कानावर पडली आणि रेमनेइचा बांध फुटला. "तेरालुंग रे बाळा, तेरालुंग. मी एस्तेरची आई, तुझ्या काकांना घेऊन चाललेय. त्यांच्या आतड्याला पीळ पडलाय, दुपारच्या आत पोट उघडलं नाही तर आतडं सडेल म्हणाली सिस्टर, यांना सांग सोडायला, तुझ्या पाया पडते, त्या आतड्याला..."

पलीकडून जोएलने तिला थांबवलं.

"काकू, परत सांगा. हळू."

तिने परत सांगितलं. हळू, एकेक शब्द. तिसऱ्यांदाही सांगितलं. मग तो पोरगा मैतेयीत इबेतोंबीशी बोलला आणि ते सगळ्यांनी ऐकलं. "इमा, गाव बरोबर सांगतायत. बाकीचंही थोडं कळतं. पण मध्ये सारखा एक शब्द येतोय, तो आमच्यात नाही. मी कधी ऐकलेला नाही. दुसऱ्याच कुठल्या बोलीतला वाटतो. खोटं कशाला बोलू, मला खात्रीने सांगता येणार नाही." आणि फोन तुटला.

तीस वर्षांची ती बारीक शंका आता रेमनेइच्या बोकांडी बसली. माहेरचा शब्द निघाला. घाबरल्यावर जीभ आईकडे पळाली. सासू सांगत होती, नवरा सांगत होता, वर नको नेऊस, खाली सोड. आणि आज, आजच्या दिवशी, मेलीने घात केला.

"मी माहेरची आयमोल आहे, इमा!" ती ओरडली. "म्हणून शब्द चुकला असेल! लग्न होऊन आले म्हणून कोइरेंग! दोन्ही खरं आहे!"

"सकाळी कोइरेंग, आता आयमोल," ती मागची बाई म्हणाली. "जेवणाच्या वेळेपर्यंत अजून काय काय होशील?"

त्यावर एकदोघी हसल्या. असं हसू मी कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणते.

इबेतोंबी हसली नाही, पण तिनेही मान हलवली. "एवढ्या जणी आहेत, माझ्या एकटीच्या म्हणण्यावर बांबू उचलत नाहीत. त्याला परत लावते फोन. थांब." ती नंबर फिरवत राहिली. लागेना. मुजीब या बाईकडून त्या बाईकडे जात होता, आपल्या मुलांच्या शपथा घेत होता. दुसऱ्या रस्त्याने जाऊ म्हणाला, तर दुसरा रस्ता महिन्यापासून उखडलेला. मागे फिरू म्हणाला, तर मागे डॉक्टर कुठे?

रेमनेइ गाडीत दोइथांगचं डोकं मांडीवर घेऊन बसली. त्याचे पाय गार पडले होते. ती ते चोळत होती.

"तुइ," तो म्हणाला.

"थोडं थांबा. पोचलोच."

"एस्तेरच्या आई. एक घोट."

खाली पडलेला तांब्या कोणीतरी उचलून, परत भरून, गाडीच्या पायरीवर ठेवला होता. हात पुढे केला की मिळेल इतक्या जवळ. तिने त्याच्याकडे पाहिलं. पाणी द्यायचं म्हणजे शस्त्रक्रिया होणार नाही हे कबूल करायचं. आता इथे दिला घोट, आणि पुढच्या पाच मिनिटांत बांबू उचलला गेला तर? तर आपणच मारल्यासारखं. तिने दिलं नाही. त्याने डोळ्यांनी मागितलं तरी दिलं नाही. "तुम्ही बरे झालात की मडकंभर प्या," ती म्हणाली. "मी अडवणार नाही. देवाशपथ अडवणार नाही." हे ती आपल्या बोलीत म्हणाली, आता कोणी ऐकलं तर ऐकू दे.

तो काहीतरी बोलला. ते काय होतं ते तिला कळलं नाही. मग त्याचा जबडा सैल पडला आणि छाती हलायची थांबली. बाहेर मुजीब अजून शपथा घेत होता.

ती ओरडली नाही. तिने त्याचं तोंड मिटवलं, शर्टाचं वरचं बटण लावलं. मग तांब्या उचलला आणि पाहत बसली, आता याचं काय करायचं ते न सुचून. इबेतोंबी खिडकीपाशी आली, तिने आत पाहिलं. ती वळली आणि कोणाला न विचारता, एकटीने, तो जड बांबू खांद्याने ढकलून रस्त्याच्या कडेला नेला. कोणी तिला अडवलं नाही. ती मागची बाई चटईवर खाली बसली आणि तिने तोंडाला पदर लावला.

रस्ता मोकळा झाला. थेट इंफाळपर्यंत दिसत होता.

तेवढ्यात इबेतोंबीचा फोन वाजला. तिने नाव पाहिलं, क्षणभर थांबली आणि फोन रेमनेइच्या हातात दिला.

"काकू!" जोएल धापा टाकत होता, मैतेयीत बोलत होता. "काकू, मी आईला फोन केला. बराच वेळ फोन लागतच नव्हता, आत्ता लागला. तो शब्द मी तिला तुमच्याच सुरात म्हणून दाखवला. ती मला रागावली हो. म्हणाली, आपलाच शब्द आहे, जुना आहे, आजोबा डुक्कर कापताना म्हणायचे. आतड्याला म्हणतात. मी कधी डुक्कर कापलं नाही, काकू, मला माहीतच नव्हतं. तुम्ही बरोबरच बोलत होता. तुमचा सूरही बरोबर होता म्हणाली. द्या, त्यांना फोन द्या, मी सांगतो त्यांना."

रेमनेइने दुसऱ्या हातातला तांब्या खाली ठेवला.

"काकू? ऐकताय ना?" आणि मग, तिला बरं वाटावं म्हणून असेल, तो आपल्या बोलीवर आला. मोडकीतोडकी वाक्यं, पण जपून, एकेक शब्द शोधून. "काकू, काका आता कसे आहेत?"

तिने मांडीवरच्या दोइथांगकडे पाहिलं. मग फोन तोंडाशी धरला आणि मैतेयीत सांगितलं, "गेले." तो शब्द तिला त्या भाषेत येत होता, आणि निदान एवढं तरी त्या पोराला एका दमात कळायला हवं होतं.